जुन्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द

लिनक्सवरचा जवळपास कुठलाही प्रोग्रॅम घ्या आणि त्याला चालायला कोणकोणत्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडच्या सामायिक फायली, लागतात ते 'एलडीडी' या कमांडला विचारा. यादी चार ओळींची येवो की चाळीस, तीत लिबसी.एसओ.६ हे नाव असतंच. गो भाषेतले काही प्रोग्रॅम आणि मुद्दाम सगळं पोटात घेऊन बांधलेले स्टॅटिक प्रोग्रॅम सोडले, तर नेहमीच्या लिनक्सवर बाकी जवळपास सगळे तिच्याच भरवशावर असतात. मेमरी हवी, फाइल उघडायची, पडद्यावर एक ओळ छापायची, किती वाजले ते बघायचं, एखाद्या सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधायचा. प्रत्येक कामाला प्रोग्रॅम हिच्याकडे येतो. तिचं पूर्ण नाव ग्नू सी लायब्ररी. आम्ही सर्व्हर सांभाळणारी माणसं तिला जीलिबसी म्हणतो.

लिबसी.एसओ.६ या नावातला ६ हा आकडा १९९७ पासून तोच आहे. त्याआधी लिनक्सची स्वतःची वेगळी सी लायब्ररी होती. तिची पाचवी पिढी मागे पडून जीलिबसी २ आली, तेव्हा हा सहा लागला. हल्ली दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जीलिबसीची नवी आवृत्ती येते, आतला कोड सतत बदलत असतो, पण सहाचा सात झालेला नाही. तो झाला असता तर जुना प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागला असता, आणि ज्यांचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हरवलाय ते कायमचे बंद पडले असते. इतकी वर्षं तो आकडा न बदलता काम चालू ठेवणं ही मला संगणकाच्या क्षेत्रातली फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मी पुण्यात लहान आणि मध्यम कारखान्यांचे सर्व्हर बघते. भोसरी, चाकण, रांजणगाव. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांकडे अपग्रेडसाठी वेगळ्या टीम असतात. इकडे सर्व्हर अकाउंट्सच्या खोलीत, फायलींच्या कपाटाशेजारी असतो, आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती महिन्यातून एखाद्या वेळी येते. यातले बरेच सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सच्या एका प्रकारावर होते. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चे अपडेट कायमचे थांबले. त्यानंतर मालकांशी बोलताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही. चालत्या यंत्राला हात लावू नये हे शॉप फ्लोअरवरचं अनुभवाचं ज्ञान आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याने हात लावल्यामुळे बंद पडलेली यंत्रं पाहिलेली असतात. फक्त ही लायब्ररी यंत्रापेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. तुम्ही तिला हात लावला नाही तरी बाहेरचं जग तिला हात लावतच असतं.

घोस्ट नावाची त्रुटी हे याचं उदाहरण. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या जुन्या फंक्शनमध्ये मेमरीची हद्द ओलांडण्याचा दोष होता. तो नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीपासून लायब्ररीत होता. मे २०१३ मध्ये तो दुरुस्तही झाला, पण ती दुरुस्ती साधी म्हणून नोंदली गेली. हा सुरक्षेचा प्रश्न आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे ज्या लिनक्स आवृत्त्या वर्षानुवर्षं जुनीच जीलिबसी सांभाळतात आणि तीत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आणून बसवतात, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. जानेवारी २०१५ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी हा दोष जगापुढे मांडला, आणि त्या आठवड्यात अॅडमिन लोकांची झोप गेली. याच क्वालिसचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जीलिबसीच्या लोडरमधली, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणाऱ्या भागातली, एक त्रुटीसुद्धा त्यांनीच उघड केली. तीमुळे मशीनवरच्या साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता येत होते.

घोस्टमधली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे ती मधली दीड-पावणेदोन वर्षं. औषध तयार होतं, पण ते कशावरचं औषध आहे हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. 'चालतंय ना' म्हणणारा माणूस त्या काळात अगदी प्रामाणिकपणे निश्चिंत होता.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती सांगून टाकते. जीलिबसी अपडेट करणं आणि जीलिबसीची आवृत्ती बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. सेंटओएस ७ वर जीलिबसी शेवटपर्यंत २.१७ च होती, पण घोस्टची दुरुस्ती त्या २.१७ मध्ये आणून बसवलेली होती. नुसता आकडा बघून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये. पॅकेजच्या बदलांची नोंद उघडून त्रुटीचा क्रमांक शोधावा. अशा दुरुस्त्या त्या त्या वेळी लावून घ्याव्यात, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. खरं जोखमीचं काम दुसरं, म्हणजे २.१७ वरून २.३४ वर जाणं. सेंटओएस ७ सोडून अल्मालिनक्स ९ या लिनक्सवर जायचं म्हणजे तेच.

जोखीम कुठे आहे हे समजायला आधी लायब्ररीने कोणता शब्द दिलाय ते पाहावं लागतं. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची चिठ्ठी लावलेली असते. ६४ बिट इंटेल मशीनवर सगळ्यात जुनी चिठ्ठी २.२.५ ची आहे, म्हणजे २००२ सालची. एखाद्या फंक्शनची वागणूक बदलावी लागली तर जुनं फंक्शन काढून टाकत नाहीत. ते जुन्या चिठ्ठीसह तसंच ठेवतात आणि शेजारी नव्या चिठ्ठीचं नवं फंक्शन आणतात. जुना प्रोग्रॅम बांधला जाताना त्यात जी चिठ्ठी कोरली गेली, ती दाखवून तो आपलं जुनंच फंक्शन मागतो आणि त्याला ते मिळतं. नवा प्रोग्रॅम नवं मागतो. एकाच फाइलमध्ये दोन काळ शेजारी शेजारी नांदतात.

हा शब्द किती जपला जातो ते २०१०-११ च्या मेमसीपीवायच्या प्रकरणात दिसलं. मेमसीपीवाय हे मेमरीचा तुकडा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नकलणारं फंक्शन. दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर हे वापरू नका, त्यासाठी मेममूव्ह वापरा, असं कागदोपत्री पहिल्यापासून लिहिलेलं होतं. काही प्रोग्रॅम तरी ते तसंच वापरायचे आणि योगायोगाने निभावून जायचं. मग नव्या प्रोसेसरांवर वेग वाढवण्यासाठी नकलण्याची दिशा बदलली गेली, फेडोरा १४ या लिनक्समध्ये ती लायब्ररी आली, आणि ब्राउझरमधल्या ६४ बिट फ्लॅश प्लेयरमधून गाणी चिरकत ऐकू येऊ लागली. वाद रंगला. चूक फ्लॅशची होती यात शंका नव्हती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या चर्चेत उतरले आणि त्यांनी वापरणाऱ्यांची बाजू घेतली: काल जे चालत होतं ते आज बंद पडलं, ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकच गोष्ट खरी. शेवटी २०११ मध्ये २.१४ आवृत्तीत मेमसीपीवायला नवी चिठ्ठी मिळाली. जुन्या चिठ्ठीने मागणाऱ्या प्रोग्रॅमला गुपचूप मेममूव्हची सुरक्षित वागणूक मिळते; वेगवान फंक्शन फक्त नव्याने बांधलेल्यांना.

नियमाने जीलिबसीच बरोबर होती. तरीही तिने चुकणाऱ्या प्रोग्रॅमला सांभाळून घेतलं आणि पुढच्यांसाठी वेगही सोडला नाही. हा तोडगा मला आजही मनापासून सुंदर वाटतो.

पण शब्द एकाच दिशेने आहे. जुन्या लायब्ररीवर बांधलेलं नव्या लायब्ररीवर चालेल, उलट नाही. नव्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर नेला की तो सरळ सांगतो, 'जीलिबसी २.२८ सापडली नाही'. जावास्क्रिप्ट चालवणारा नोड १८ हा प्रोग्रॅम सेंटओएस ७ वर याच कारणाने चालत नाही. २०२४ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या नव्या आवृत्तीने २.२८ ची अट घातली आणि जुन्या सर्व्हरना दुरून जोडणारे अनेक प्रोग्रॅमर एका सकाळी बाहेर राहिले. कंपनीला लगेच थोडी मुदत वाढवून द्यावी लागली. म्हणून दुसऱ्यांसाठी प्रोग्रॅम बांधणाऱ्यांनी तो आपल्या ग्राहकाकडच्या सगळ्यात जुन्या मशीनवर बांधावा. पायथॉनची तयार पॅकेजं नेमकी याच कारणाने कितीतरी वर्षं सेंटओएस ७ वर बांधली जात होती.

आणि हाच तो क्षण असतो जिथे घात होतो. 'सापडली नाही' असा संदेश बघून माणूस विचार करतो, एवढी एक फाइलच तर हवीय. तो दुसऱ्या मशीनवरून नवी लिबसी आणतो आणि जुन्या जागी ठेवतो. असं केलेली एक मशीन चाकणच्या एका ठिकाणी मला दाखवायला बोलावलं होतं, म्हणून यावर जरा थांबून लिहिते.

जुनी फाइल हलवली त्या क्षणी नवा कुठलाही प्रोग्रॅम सुरू होणं थांबतं. यादी दाखवणारी एलएस चालत नाही. फाइल परत आणायला एमव्ही लागते, तीही चालत नाही. नकलणारी सीपी नाही, दुरून नवं लॉगिन नाही, रूटचे अधिकार देणारी सुडो नाही. कारण या प्रत्येकाला पहिल्या पावलाला तीच लायब्ररी हवी आहे. जे आधीपासून चालू आहे ते मात्र चालूच राहतं, कारण त्याने आपली लायब्ररी मेमरीत घेतलेली असते. म्हणून पहिला नियम: उघडं असलेलं टर्मिनल बंद करू नका आणि घाबरून मशीन रीस्टार्ट करू नका. शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, स्वतःच्या आतल्या कमांड चालतात. 'इको' आणि फुली लिहिलं तर समोरच्या फोल्डरमधल्या फायलींची नावं दिसतात. जीलिबसीसोबत एसएलएन नावाची एक छोटी कमांड येते, ती मुद्दाम स्टॅटिक बांधलेली आहे, तिला कोणाचीच गरज लागत नाही, आणि तिचं काम एकच: तुटलेला दुवा पुन्हा जोडणं. ती नसेल तर लोडरलाच थेट हाक मारता येते, 'या फोल्डरमधली लायब्ररी घे आणि एमव्ही चालव' असं सांगून. नेहमीच्या कमांड एकाच फाइलमध्ये देणारा स्टॅटिक बिझीबॉक्स मशीनवर आधीच ठेवलेला असेल तर सगळंच सोपं. त्या दिवशी चाकणला टर्मिनल उघडं होतं. जुनी फाइल फक्त दुसऱ्या नावाने पडून होती, त्यामुळे लोडरमार्फत ती परत जागेवर आणता आली. टर्मिनल बंद झालं असतं तर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून आत शिरावं लागलं असतं, आणि तोवर पॅकिंगची लाइन थांबली असती.

हलवण्यापेक्षाही वाईट म्हणजे चालू फाइलवरच दुसरी नकलणं. अपडेट बसवणारा पॅकेज मॅनेजर कधी तसं करत नाही. तो नवी फाइल शेजारी पूर्ण लिहितो आणि एका झटक्यात नाव बदलून जुन्या जागी आणतो. जुनी फाइल नावाने गेली तरी तिला धरून बसलेल्या प्रोग्रॅमांसाठी डिस्कवर शिल्लक राहते. सीपीने वरून लिहिलं तर त्या प्रोग्रॅमांच्या पायाखालचा कोडच बदलतो आणि ते जागच्या जागी कोसळू लागतात. लोडर आणि लिबसी ही जोडीही एकाच आवृत्तीची लागते, दोघांमध्ये आपापसातल्या खासगी खुणा असतात. म्हणून एकटी लिबसी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून प्रोग्रॅमला एलडी_लायब्ररी_पाथ या सेटिंगने तिकडे वळवण्याचा उपायही बहुतेक वेळा फसतो. एखाद्या प्रोग्रॅमला खरोखर वेगळीच जीलिबसी हवी असेल तर त्याच्यापुरता लोडर आणि लायब्ररीची वाट दोन्ही पॅचएल्फ या साधनाने बदलता येतात, किंवा तो सरळ कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या लायब्ररींसह वेगळ्या बंद डब्यात, ठेवावा.

कंटेनरबद्दल हल्ली फार निर्धास्तपणे बोललं जातं. आत स्वतःची जीलिबसी असते हे खरं, पण खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यजमान मशीनचंच असतं. २.३४ मध्ये जीलिबसीने नवा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतलं समांतर काम, सुरू करायला क्लोन३ हा नवा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला मारायची हाक, वापरायला घेतला. कर्नलने 'हा कॉल मला माहीत नाही' असं उत्तर दिलं तर ती जुन्या वाटेने जाते. पण कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या जुन्या आवृत्तीचं सुरक्षा कवच 'परवानगी नाही' असं उत्तर द्यायचं. त्यामुळे नव्या लिनक्सचे कंटेनर जुन्या डॉकरवर थ्रेडच सुरू करू शकत नव्हते. दोन शब्दांच्या उत्तरातला फरक.

अगदी व्यवस्थित, पॅकेज मॅनेजरने केलेल्या अपडेटनंतरही काम संपत नाही. वर सांगितलं तसं चालू प्रोग्रॅम जुनीच लायब्ररी धरून बसलेले असतात. म्हणजे अपडेट लागलं, अहवालात हिरवी खूण आली, आणि वेब सर्व्हर अजून त्याच त्रुटीसह चालू आहे. 'नीड्स-रीस्टार्टिंग' किंवा डेबियन या लिनक्सवर 'नीडरीस्टार्ट' असे प्रोग्रॅम कोण जुन्यावर बसलंय त्याची यादी देतात. जीलिबसीच्या बाबतीत ती यादी इतकी लांब येते की मी मशीनच पुन्हा सुरू करते. आवृत्ती बदलताना आणखी एक सूक्ष्म धोका असतो. वापरकर्त्याचं नाव-पासवर्ड शोधणारे छोटे भाग गरज पडेल तेव्हा लोड होतात. मग जुनी लिबसी धरून बसलेला प्रोग्रॅम डिस्कवरून नवा भाग उचलतो आणि दोघांचं जमत नाही. डेबियनचं जीलिबसी पॅकेज म्हणूनच स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रॅम चालू असेल तर अपग्रेडआधी तसा इशारा देतं, नाहीतर लॉक झालेली स्क्रीन बरोबर पासवर्ड देऊनही उघडत नाही. ज्याने तो इशारा लिहिला त्याने कुठल्यातरी अनोळखी माणसाची काळजी केली होती. रूटचं दुसरं टर्मिनल उघडं ठेवून मगच सुरुवात करायची, ही माझी सवय त्यातूनच आली.

आता भोसरीच्या त्या कारखान्याकडे येते, कारण या लेखाचं निमित्त तोच आहे.

तिथे डिस्पॅचला बारकोडचं लेबल छापणारा एक प्रोग्रॅम आहे. बनवणारी छोटी कंपनी केव्हाच बंद झाली, सोर्स कोड कुणाकडे नाही. सर्व्हर बदलायचं ठरलं तेव्हा स्टोअर सांभाळणारे काका एवढंच म्हणाले, "मॅडम, बाकी काय ते करा. पण लेबल निघालं नाही तर गाडी गेटमधून सुटत नाही."

मी जुन्या मशीनवरच नवी आवृत्ती चढवण्याचा मार्ग घेतला नाही. तशी साधनं आहेत, चांगली आहेत, पण जीलिबसी खाली उतरवून पुन्हा जुनीवर येणं कोणतीच लिनक्स धड जमवून देत नाही. परतीची वाट फक्त संपूर्ण स्नॅपशॉटची, म्हणजे आधी घेऊन ठेवलेल्या अख्ख्या मशीनच्या प्रतीची. शेजारी नवी मशीन उभी करून जुनी तशीच ठेवणं खर्चिक असलं तरी मला तेच पटतं. आधी प्रत्येक प्रोग्रॅम कोणत्या चिठ्ठ्या मागतो ते रीडएल्फने काढलं. लेबलच्या प्रोग्रॅमची सगळ्यात वरची मागणी २.३ ची होती, म्हणजे शब्दाच्या आत. मग तो चालताना कोणत्या फायली उघडतो आणि कोणाला हाक मारतो हे एसट्रेसने पाहिलं. कागदावर नसलेली नाती तिथे सापडतात.

नव्या मशीनवर तो सुरू केल्यावर उत्तर आलं, 'अशी फाइल नाही'. फाइल तर समोर दिसत होती. प्रोग्रॅम ३२ बिटचा होता, आणि शेल ज्या फाइलबद्दल बोलत होतं ती ३२ बिटचा लोडर होती. ३२ बिटची जीलिबसी वेगळं पॅकेज म्हणून बसवली आणि लेबल छापलं गेलं. इतक्या वर्षांपूर्वी बांधलेला, आई-बाप नसलेला तो प्रोग्रॅम २.३४ वर जसाच्या तसा चालला. त्या क्षणी या लायब्ररीवर काम केलेल्या, मला कधीही न भेटणाऱ्या माणसांबद्दल जे वाटलं त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे.

लेबल काकांना दाखवलं. त्यांनी बारकोड स्कॅन केला, मान हलवली, आणि सोबत छापलेली बॉक्सची यादी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे ११ च्या आधी १-१ कसं आलं?"

माझ्या तपासायच्या मुद्द्यांमध्ये क्रमाचा हा मुद्दा डेटाबेससाठी लिहिलेला होता. कागदावरच्या यादीत तो आधी दिसला तो काकांना. ऑगस्ट २०१८ च्या २.२८ आवृत्तीत जीलिबसीने अक्षरं आणि चिन्हं लावण्याचा क्रम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केला. आधी '१-१' मधला हायफन क्रम लावताना जवळजवळ दुर्लक्षिला जायचा, म्हणून ११ आधी आणि १-१ नंतर. नव्या क्रमात हायफनला वजन आहे, म्हणून उलट. फंक्शन तेच, चिठ्ठी तीच, फक्त उत्तर वेगळं. चिठ्ठ्यांच्या शब्दात हे बसतच नाही, कारण क्रमाची माहिती कोडमध्ये नसून लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रदेशानुसारच्या नियमांच्या, डेटामध्ये असते. काकांचे रॅक जुन्या यादीच्या क्रमाने लावलेले होते. माणूस यादी वाचत रॅकच्या बाजूने चालत जायचा.

कागदावर हा फरक दिसतो तरी. डेटाबेसमध्ये तो दिसत नाही, आणि तिथे तो खरा भयंकर आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसचा मजकुरावरचा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावून ठेवलेली यादी. क्रम ठरवणारं फंक्शन बहुतेक ठिकाणी जीलिबसीचं. डेटाची फोल्डर जशीच्या तशी जुन्या मशीनवरून नव्यावर उचलून ठेवली, तर यादी जुन्या क्रमाची आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. असलेला पार्ट नंबर सापडत नाही. एकमेव असायला हवा तो नंबर दोनदा शिरतो. कुठेही एरर येत नाही. पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या असा बदल ओळखून इशारा देतात, जुन्या देत नसत. म्हणून डेटा फोल्डर न उचलता डंप, म्हणजे डेटाची वेगळी लिहून काढलेली प्रत, काढून नव्या मशीनवर पुन्हा भरायचा, म्हणजे सगळे इंडेक्स नव्या क्रमाने नव्याने बांधले जातात. फोल्डर उचलणं भागच असेल तर मजकुरावरचा प्रत्येक इंडेक्स पुन्हा बांधून, पोस्टग्रेसच्याच अॅमचेक या साधनाने तपासून मगच लोकांना आत घ्यायचं. आम्ही डंप काढला. बॉक्सच्या यादीसाठी क्वेरीतच जुना क्रम लावला, जेणेकरून रॅक हलवायला लागू नयेत. रॅक हलवा असं सांगणं तांत्रिकदृष्ट्या सोपं होतं. पण लायब्ररी बदलायची गरज काकांची नव्हती, मग तिचा त्रास त्यांनी का सोसावा?

प्रत्यक्ष बदलाला गुरुवार निवडला. त्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, भोसरीत अनेकांची असते तशी. पुणेकरांना गुरुवार आणखी एका कारणाने ओळखीचा आहे. पर्वती जलकेंद्राच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, अशी महापालिकेची सूचना अधूनमधून पेपरात येते. त्यात पेठा आणि उपनगरांची नावं एकेक करून दिलेली असतात, आणि शेवटी एक वाक्य असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. लोक बुधवारी रात्री पिंप भरून ठेवतात. आदल्या दिवशी सांगणं, कोणाकोणाला झळ बसेल ते नावानिशी सांगणं, आणि दुसऱ्या सकाळचाही विचार करून ठेवणं, हे सगळं त्या चार ओळींत आहे. मी आता अपग्रेडची सूचना अगदी त्याच धर्तीवर लिहिते. कोणता विभाग, कोणतं काम, किती वाजेपर्यंत, आणि शुक्रवारी सकाळी काय हळू चालेल. शुक्रवारची पहिली शिफ्ट सुरू होताना मी स्वतः स्टोअरमध्ये उभी असते, कारण बदल खरा तेव्हा तपासला जातो.

त्या शुक्रवारी गाड्या वेळेवर सुटल्या. जुनी मशीन महिनाभर तशीच जोडून ठेवली होती, नंतर बंद केली.

लेबलच्या प्रोग्रॅमचं आयुष्य मात्र मोजलेलं आहे, आणि तेही मालकांना मी लिहून दिलंय. अल्मालिनक्स ९ ला २०३२ च्या मे महिन्यापर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. ज्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर ते बेतलेलं आहे, त्याच्या दहाव्या आवृत्तीतून ३२ बिटची पॅकेजं काढून टाकली आहेत. त्याच्याही पुढे १९ जानेवारी २०३८ आहे, जेव्हा जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमांचा काळ मोजणारा आकडाच भरून वाहतो. जीलिबसीने आपला शब्द पाळला. आता मधल्या काळात आपलं काम आपण करायचं आहे. त्यामुळे सध्या काका आणि मी लेबलचे सगळे नमुने गोळा करतोय. कोणत्या ग्राहकाला तारीख आधी लागते, कोणाला बॅच नंबर दोनदा हवा असतो, निर्यातीच्या पेट्यांवर वजन कुठे छापायचं. यातलं अर्धं कुठल्याही फाइलमध्ये नाही, काकांनाच माहीत आहे, आणि ते पुढच्या वर्षी निवृत्त होतात. नवा प्रोग्रॅम कोण लिहील ते अजून ठरायचंय. तो लिहिला जाईल तेव्हा सोर्स कोडची एक प्रत कारखान्यात राहील, ही अट करारात घातली आहे.